सरकारी दर आणि पाच खासगी कॉलेजं: बेळगाव भागातलं एक खरेदी प्रकरण

पार्श्वभूमी

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षातलं हे प्रकरण. बेळगाव शहरातली दोन, खानापूर तालुक्यातलं एक, हुक्केरी बाजूचं एक आणि निपाणीकडचं एक, अशी पाच खासगी पदवी कॉलेजं. संस्था मात्र चारच, कारण शहरातली दोन्ही कॉलेजं एकाच संस्थेची आणि एकाच कंपाउंडमधली. त्यातलं एक अनुदानित, दुसरं विनाअनुदानित. संस्था चालवणारे बहुतेक मराठी. मीटिंग मराठीत, ठरावाचं बुक मराठीत आणि सरकारदरबारी जाणारा प्रत्येक कागद कन्नडमध्ये. हा शेवटचा मुद्दा आत्ता किरकोळ वाटेल, पण पुढे त्याने आमचे चार महिने खाल्ले.

माझा संबंध असा की अकाउंट्समध्ये नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर शहरातल्या संस्थेने खरेदी समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून घेतलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय तसेच ठेवले आहेत.

पाचांपैकी शहरातलं जुनं कॉलेज आणि खानापूरचं कॉलेज अनुदानित. म्हणजे मंजूर जागांवरच्या प्राध्यापकांचा पगार राज्य सरकार देतं. बाकी तीन विनाअनुदानित; तिथे पगारापासून खडूपर्यंत सगळं फीमधून. बाहेरचा माणूस पाचही कॉलेजांना ‘खासगी’ म्हणून मोकळा होतो. खरेदीच्या कामात हा एक शब्द पुरत नाही, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं.

गरज का पडली? कर्नाटकाने २०२१-२२ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम बदलला. ‘डिजिटल फ्लुएन्सी’सारखा पेपर कला शाखेच्या मुलांनाही आला. शिवाय नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, टीम विद्यार्थ्यांमागे कॉम्प्युटर किती ते मोजते आणि लायब्ररीत ई-जर्नल्स आहेत का तेही विचारते. पाचही कॉलेजांना एकाच वेळी कॉम्प्युटर हवे होते: ४०, ३०, २५, २० आणि १५. एकूण १३०.

अडचण

पहिल्या एकत्र बैठकीत खानापूरच्या ऑफिसातल्या एफडीएने (फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट, म्हणजे क्लार्कने) मोबाईल पुढे केला. “सर, हे बघा की. जेमवर हाच कॉम्प्युटर ४७ हजार नऊशेला आहे. आपल्याला डीलर तो ५८ हजार चारशे सांगतोय.”

जेम, म्हणजे केंद्र सरकारचं गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस, ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं. त्यावरचा माल आणि दर कुणालाही उघडून बघता येतात. विकत मात्र सगळ्यांना घेता येत नाही. केंद्र आणि राज्यांची खाती, सरकारी कंपन्या, स्वायत्त संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था हे मुख्य खरेदीदार. खासगी ट्रस्टचं कॉलेज त्या यादीत नाही, मग ते अनुदानित असलं तरी. राज्यातही तेच. सरकारी खरेदीला लागू असलेला १९९९ चा कर्नाटक पारदर्शकता कायदा सरकारी खाती आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांसाठी आहे. त्या कायद्याची बंधनंही आमच्यावर नाहीत आणि त्याखाली निघालेल्या टेंडरचा दरही आमचा नाही.

फरक १०,५०० रुपयांचा. गुणिले १३०. साडेतेरा लाखांच्या वर. आकडा फळ्यावर लिहिल्यावर बैठकीत जो सुस्कारा निघाला, तो अजून आठवतो. त्या क्षणी सगळ्यांची खात्री झाली की आपली अडचण एकच: सरकारी दर आपल्याला मिळत नाही.

मला स्वतःला पहिली चूक इथेच दिसते. कारण त्या दोन कॉम्प्युटरांचं स्पेसिफिकेशन ओळीला ओळ लावून कुणी वाचलंच नव्हतं. दोन आठवड्यांनी मी बसून ते केलं. जेमवरच्या मशीनमध्ये विंडोज नव्हतं, उबुंटू होतं. वॉरंटी एक वर्षाची. डीलरची तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्तीसकट. विंडोजचे ४,६००, जादा दोन वर्षांच्या वॉरंटीचे २,३००, गावापर्यंत नेऊन बसवण्याचे ४००. बेरीज ७,३००. उरलेला खरा फरक ३,२००. तोही १३० मशीनला ४ लाख १६ हजार होतो, थोडा नाही. पण साडेतेरा लाखांची चर्चा आणि चार लाखांची चर्चा वेगळ्या सुरात होते, आणि पहिल्या सुरात आम्ही काही नको ते पर्याय गंभीरपणे बोलून बसलो.

पर्याय, आणि त्यांच्यावरचे वाद

पहिला पर्याय सुचला तो ओळखीचा. जवळच्या सरकारी प्रथम दर्जा कॉलेजचे प्रिन्सिपॉल एका ट्रस्टींचे वर्गमित्र. “त्यांच्या आयडीवरून मागवूया की. पैसे आपण देऊ.” बोलणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं, शेजारच्या घरून साखर आणावी तितक्या सहजतेने तो बोलत होता. मी विचारलं, पैसे कुठे भरणार? सरकारी कॉलेजचं बिल खजाने-२ मधून, ट्रेझरीतून निघतं. त्यात आपला चेक कुठून शिरणार? माल उतरला की त्यांच्या स्टॉक रजिस्टरला चढवावा लागेल. चढवला तर तो सरकारचा. नाही चढवला तर ऑडिटला गोत्यात येणार ते सर, आपण नाही. बैठक पाच मिनिटं गप्प होती. मग वर्गमित्र असलेले ट्रस्टीच म्हणाले, “त्याला विचारायलाही नको. नाही म्हणताना त्याला वाईट वाटेल, आणि हो म्हणाला तर मला.” तो विषय तिथे संपला. या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता, असं मला आजही वाटतं.

दुसरा पर्याय सौहार्दचा. बेळगाव भागात पतपुरवठा करणाऱ्या सौहार्द सहकारी संस्था गल्लोगल्ली आहेत, आणि हुक्केरीकडच्या संस्थेची मंडळी अशाच एका सौहार्दच्या बोर्डावर होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये सहकारी संस्थांना जेमवर खरेदीदार म्हणून यायला परवानगी दिली, ही बातमी त्यांनी कापून ठेवली होती. बातमी खरी होती. पण सुरुवातीला दार उघडलं ते शंभर कोटींच्या वर उलाढाल किंवा ठेवी असलेल्या संस्थांना. यांच्या ठेवी त्याच्या जवळपासही नव्हत्या. आणि मोठी संस्था मिळाली असती तरी तिने स्वतःच्या वापरासाठी घ्यायचं की कॉलेजांना पुरवायचं, हा प्रश्न राहतोच. सहकारी संस्थेला मिळालेली सवलत तिच्या नावावर दुसऱ्याने वापरणं म्हणजे पहिल्याच पर्यायाला दुसरा सदरा.

तिसरा पर्याय मला मनापासून आवडला होता: विद्यापीठाने पुढाकार घ्यावा. याला आपल्याच गावात उदाहरण आहे. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं ई-जर्नल्ससाठी कन्सॉर्टियम, म्हणजे एकत्र वर्गणी भरणारा गट, आहे आणि त्यात संलग्न खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, केंद्राने इंडेस्ट हे कन्सॉर्टियम दिल्ली आयआयटीतून सुरू केलं. सरकारी संस्थांचे पैसे सरकार भरायचं, आणि खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना स्वखर्चाने त्याच ठरलेल्या दरात सामील होता यायचं. २०१५ मध्ये ते ई-शोधसिंधू या केंद्राच्याच मोठ्या कन्सॉर्टियममध्ये विलीन झालं. म्हणजे सरकारने वाटाघाट करायची, खासगी कॉलेजने स्वतःच्या खिशातून पैसे भरून तो दर घ्यायचा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर ना-नफा खासगी कॉलेजांना राज्य सरकारच्या खरेदी करारांवरून माल घेण्याची मुभा कायद्यानेच आहे.

आम्ही विद्यापीठाकडे गेलो. तिथले अधिकारी सौजन्याने बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही टेंडर काढतो ते आमच्या गरजेपुरतं, आमच्या बजेटवर. तुमची संख्या त्यात घातली आणि उद्या तुमच्यातल्या एकाने पैसे दिले नाहीत, तर सप्लायर आमच्या दारात येईल. जर्नलच्या बाबतीत पैसे आधी घेता येतात, न देणाऱ्याचं कनेक्शन बंद करता येतं. कॉम्प्युटरचं कनेक्शन कसं बंद करणार? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ‘आम्हाला घ्या’ एवढंच घेऊन गेलो होतो. पैशाची हमी कशी देणार याचा कागद बरोबर नेला नव्हता.

चौथा पर्याय मागणीपत्राचा, त्याच्याबद्दल शेवटी. पाचवा, आपापसात गट करून एकत्र दर काढण्याचा. तो सुरुवातीला कुणालाच नको होता, कारण त्यात ‘सरकारी’ हा शब्द नव्हता.

पासवर्डचा प्रश्न

कॉम्प्युटरचा घोळ चालू असताना लायब्ररीचा विषय पटकन सुटेल असं वाटलं होतं. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या लायब्ररी-नेटवर्क केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत कॉलेजांना हजारो ई-जर्नल्स आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं मिळतात. यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) खाली (म्हणजे यूजीसीची मान्यता आणि अनुदानाची पात्रता) असलेल्या सरकारी-अनुदानित कॉलेजला त्या वेळी वर्षाची फी जीएसटीसह ५,९०० रुपये होती. विनाअनुदानित कॉलेजला ३५,४००. म्हणजे सरकारी कराराचं दार इथे खासगीला बंद नव्हतं, फक्त उंबरा सहापट उंच होता.

शहरातल्या संस्थेचे खजिनदार म्हणाले, “एकच कंपाउंड, एकच गेट, लायब्ररीही एकच. जुन्या कॉलेजच्या नावाने घ्या आणि पासवर्ड त्या पोरांनाही द्या की.” लायब्रेरियन मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, प्रत्येक युजरचं नाव आणि कॉलेज मी रजिस्टर करते. बीसीएच्या मुलाला मी कुठल्या वर्गात दाखवू?” खजिनदार म्हणाले कोण बघतंय. मॅडम म्हणाल्या, “डाउनलोड बघतात.” मग जरा थांबून, “आणि मी बघतेय.”

इथे मी मॅडमच्या बाजूने बोललो, पण उशिरा. आधी मीही मनात म्हणत होतो की फरक तरी काय पडणार. कागदावर दोन कॉलेजं करताना संस्थेला त्याचे फायदे हवे होते, वेगळी मान्यता हवी होती. फी भरायची वेळ आली की मात्र एकच कुटुंब. हे बोलून दाखवल्यावर खजिनदार हसले, पण रागही आला असावा. शेवटी जुन्या कॉलेजने आणि खानापूरने ५,९०० भरले. विनाअनुदानित तिघांपैकी एकानेच ३५,४०० भरले. उरलेल्या दोघांनी नॅशनल डिजिटल लायब्ररी आणि शोधगंगा (पीएचडीच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) या फुकटच्या सोयींवर वर्ष काढलं. ते पुरेसं नव्हतं, पण नियमात होतं.

प्रत्यक्षात काय केलं

नोव्हेंबरपर्यंत पाचवा पर्याय एकटाच उरला. पाच कॉलेजांनी एकच स्पेसिफिकेशन ठरवलं. याला तीन बैठका लागल्या. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरच्या सरांचं मत वेगळं आणि ठाम. सरकारी टेंडरची भाषा समोर ठेवली: प्रोसेसर, रॅम, एसएसडी, मॉनिटर किती इंची, वॉरंटी कुठे बसून मिळणार, किती दिवसांत तक्रार सुटणार. सरकारी दर आम्हाला मिळाला नव्हता, पण सरकारी टेंडरचा मसुदा वाचायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मग बेळगावातल्या तीन आणि कोल्हापूरच्या एका डीलरकडून बंद पाकिटात कोटेशन मागवली. कोल्हापूरचा आग्रह निपाणीकरांचा. त्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूर निम्म्या अंतरावर. पलीकडच्या राज्यातून घेतलं की कर कमी बसतो असाही त्यांचा समज होता. तसं नाही. इथे केंद्राचा नऊ आणि राज्याचा नऊ, तिथून आलं तर एकत्र अठरा. शिवाय पदवीचं शिक्षण जीएसटीतून मुक्त असल्याने कॉलेजला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, सगळा कर खर्चातच जातो. त्यामुळे कोटेशनमध्ये कर वेगळा दाखवण्यापेक्षा आम्ही हातात पडणारा पूर्ण दर मागितला.

बेळगावच्या एका डीलरने पाकीट द्यायच्या आधीच फोन केला. “सर, रेट मी देतो. पण पैसे कधी देता ते आधी बोला. जेमवर माल स्वीकारल्याचं सर्टिफिकेट झालं की दहा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. तुमच्यात एकाने मागच्या प्रिंटरचे पैसे परीक्षा फी जमा झाल्यावर दिलेत.” कुणी ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

यातून दुसरा मोठा निर्णय झाला: ऑर्डर देण्याआधी प्रत्येकाने पूर्ण रक्कम वेगळी ठेवल्याचं बँकेचं पत्र द्यायचं. निपाणीच्या कॉलेजला ते जमलं नाही. विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपचे पैसे यायचे होते. त्यांना थांबून घ्यावं का यावर वाद झाला. चार विरुद्ध एक असं मत पडलं आणि ते बाहेर पडले. मी चौघांत होतो.

उरलेल्या ११० मशीनसाठी सगळ्यात कमी दर आला ५४,९००. पद्धत ठरली ‘एक दर, चार ऑर्डरी’: दर एकत्र, पण ऑर्डर, बिल, पैसे प्रत्येकाचे वेगळे. कुणाचं ओझं कुणावर नको म्हणून.

निकाल

मूळ ५८,४०० च्या तुलनेत मशीनमागे ३,५०० वाचले, एकूण ३ लाख ८५ हजार. जेमवरच्या दरात विंडोज, वॉरंटी आणि बसवणं मिळवलं तर ५५,२०० होत होते. त्याच्याही खाली आम्ही आलो. बैठकीत टाळ्या झाल्या. मी तिथेच सांगितलं की ही तुलना पक्की नाही. एवढ्या संख्येची सरकारी खरेदी पाटीवरच्या दराने होत नाही, बिड लागते आणि दर आणखी खाली जातो. टाळ्या थोड्या कमी झाल्या.

मग खानापूरला गाडी उतरली. शनिवारची दुपार, प्रिन्सिपॉल बेळगावात, एफडीए रजेवर. शिपायाने २५ खोकी मोजली, चलनावर सही केली, शिक्का मारला. सोमवारी खोकी फोडली तर मॉनिटर ठरल्यापेक्षा लहान. चलनावर छापलेलं होतं, ‘माल तपासून चांगल्या स्थितीत मिळाला’. डीलरने गोदामात चूक झाल्याचं कबूल केलं, पण बदलून द्यायला सहा आठवडे लावले. तोपर्यंत बाकी तिघांचे पैसे त्याला पोचले होते, त्यामुळे आमच्या हातात ओढायला दोरीच नव्हती. चार ऑर्डरी वेगळ्या ठेवण्याचा फायदा आम्ही आधी मोजला होता, तोटा त्या सहा आठवड्यांत मोजला.

निपाणीकरांनी पुढे जूनमध्ये कोल्हापूरहून स्वतंत्रपणे २० मशीन घेतले. आमच्यापेक्षा महाग. त्यांच्या प्रिन्सिपॉलनी मला एकच गोष्ट मागितली, आमच्या स्पेसिफिकेशनचा कागद. तो त्याच रात्री पाठवला.

आणखी एक गंमत. ज्या पेपरसाठी ही धावपळ केली, ते धोरणच राज्याने बदललं; २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आणि अभ्यासक्रम नव्याने आखला गेला. लॅब रिकामी पडली नाही, पण नॅक नसतं तर काही ट्रस्टींनी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

पुन्हा करायचं झालं तर

स्पेसिफिकेशन आधी, दराची चर्चा नंतर. साडेतेरा लाखांचा आकडा फळ्यावर गेलाच नसता, तर आयडी उसना घ्यायची भाषाही झाली नसती. माल उतरवताना शिपायाच्या हातात एक पानाची तपासणी यादी आणि ‘न तपासता ताब्यात घेतला’ असा शिक्का. हे दोन्ही आता चारही कॉलेजांत आहे. शेवटचे दहा टक्के पैसे चौघांनी मिळून, चारही ठिकाणची तपासणी झाल्यावरच सोडायचे. निपाणीला बाहेर काढण्याऐवजी त्यांच्या २० मशीनचा दर त्याच कोटेशनमध्ये सहा महिने खुला ठेवायला डीलरला सांगता आलं असतं. हे मला नंतर सुचलं, आणि चार विरुद्ध एक या मतदानात माझा हात वर होता हे विसरता येत नाही.

आणि मागणीपत्र. डिसेंबरमध्ये आम्ही सरकारला पत्र दिलं होतं की खासगी कॉलेजांना सरकारी करारातून ‘सहकारी खरेदी’ करू द्यावी. कन्नड तर्जुमा आमच्याच माणसाने केला. कन्नडमध्येही सहकार म्हटलं की सोसायटीच डोळ्यांपुढे येते. पत्र टेबलावरून टेबलावर फिरत सहकार खात्याकडे गेलं आणि चार महिन्यांनी तिथून विचारणा आली: आपल्या संस्थेचा नोंदणी क्रमांक कळवावा.

दरम्यान २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार जर्नल्स, सहा हजार तीनशेच्या वर संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ते सुरू झालं. त्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्था आहेत. आमच्या पाचांपैकी एकही नाही, अनुदानित दोघंही नाहीत.

त्यानंतर पत्र नव्याने लिहिलं. ‘सहकारी’ काढून ‘एकत्रित’ घातलं. ‘सरकारी दर द्या’ हेही काढलं, कारण टेंडर संपल्यावर बाहेरच्याला तो दर दिला तर हरलेला बोलीदार विचारणारच की एवढी संख्या आधी सांगितली असती तर मीही कमी भरला असता. आता मागणी अशी आहे: टेंडर काढतानाच इच्छुक संलग्न कॉलेजांची संख्या अंदाजात धरा, त्यांनी स्वतःची ऑर्डर द्यावी, पैसे आधी बँकेत अडकवून ठेवावेत, सरकारवर कसलीही जबाबदारी नको. सोबत चार कॉलेजांची बँकेची पत्रं जोडली. पाचवं पत्र निपाणीचं आलं ते शेवटच्या दिवशी, एसटीने, कंडक्टरच्या हाती.

पोच घेतली आहे. तर्जुमा या वेळी दोघांकडून तपासून घेतला.